तिवऱ्यातले हंस

सुपेल्याच्या बाजारात तिवऱ्याची भाजी दिसायला लागली की मी त्या गल्लीतून जायचं सोडते. भाजीवर राग धरणारी बाई अख्ख्या भिलाईत मी एकटीच असेन. डिसेंबर लागला की कुम्हारीकडच्या गावांतल्या बायका सकाळीच येऊन बसतात, पोत्यावर कोवळ्या हिरव्या शेंड्यांचा ढीग मांडतात आणि वरून पाणी शिंपडत राहतात. आमच्या भंडाऱ्याकडे हिला लाखोरी म्हणतात, इथे छत्तीसगढात तिवरा. धान उभं असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बी फेकून देतात. धान कापून नेलं की खाली ही हिरवळ तयार असते. आईला ती भाजी भारी आवडते. परवा तिनं शेजारणीला सांगून गुपचूप मागवली. मी शाळेतून आले तर ही ओट्याजवळ पाट टाकून निवडत बसलेली.

"दुसरी भाजी नव्हती का?" मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"होती ना. पन मले हेच खावाचं होतं," ती मान वर न करता म्हणाली. "तुहे बाबा गेले म्हून मी खानं सोडू का? आन तू कावून अशी पाहून राहिली? भाजीनं काय केलं तुह्यं?"

भाजीनं काही केलं नव्हतं. मी हात धुऊन तिच्यासमोर बसले आणि निवडू लागले. जून देठ मोडताना बारीक कट् असा आवाज होतो, बोटांना ओल्या मातीचा वास लागतो, आणि त्या वासामागून दोन वर्षांपूर्वीचा तो सगळा हिवाळा चालत घरात येतो. मला रडू आलं. आईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिला ते चांगलं जमतं.

त्या हिवाळ्यात मी आणि बाबा दर रविवारी तलावावर जायचो. कुम्हारीच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की एका गावाला लागून तो आहे. गावातले लोक त्याला नुसतं तरिया म्हणतात. एका अंगाला उंच पाळ, बाकी तिन्ही बाजूंनी पाणी उथळ होत होत बांध्यांमध्ये मिसळून गेलेलं. वनखात्यानं तिथं एक हिरवी पाटी लावली, लाकडाचं एक मचाण बांधलं आणि त्याचं पक्षी विहार केलं. पक्ष्यांना हे कुणी कळवलं नसावं, कारण ते त्याच्या आधीपासून येतच होते.

बाबांना हा तलाव दाखवला बिसाहू काकांनी. ते त्याच गावचे. पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये बिसाहू काका वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि बाबा खाली खलासी. वरच्या माणसाला खालचं सगळं दिसत नाही, म्हणून खलाशानं हातानं सांगायचं आणि वरच्यानं त्या हातावर विश्वास ठेवून माल हलवायचा. तर्जनी खाली करून गोल फिरवली की आरिया, म्हणजे खाली सोड. तेच बोट वर करून फिरवलं की हाफिज, उचल. तळवा जमिनीकडे करून हात आडवा हलवला की थांब. एका हातावर दुसरा तळवा धरला की हळू. आरिया आणि हाफिज हे खरं तर ओरडून म्हणायचे शब्द, पण मिलच्या त्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार? दोघांची अर्धी नोकरी एकमेकांच्या हाताकडे बघण्यात गेली.

त्या आवाजानंच बाबांचे कान गेले. एकदम नाही, थोडे थोडे. आम्हाला कळेपर्यंत ते घरात ओरडूनच बोलत होते. सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरच्या ओळीत सगळेच मिलवाले, सगळ्यांचेच बाप ओरडत, त्यामुळे मोठी होईपर्यंत मला वाटायचं की पुरुष असेच बोलतात. आई मीठ वाढायला आली आणि बाबा "बस" म्हणाले की पलीकडच्या घरातली बाई दचकायची. "कावून ओरडता जी? मी काय चरोद्याले बसली हाये का?" हे आईचं रोजचं वाक्य. पुढे तर कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी त्यांना काही पोचेना. कानाचं मशीन घेऊन दिलं तर ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात टाकलं. ते ओठ बघून समजून घ्यायचे आणि ओठ समजले नाहीत की हसायचे.

साप्ताहिक सुटीच्या दिवशी हे दोघे तलावावर जाऊन बसत. बिसाहू काका त्या काठाला गळ टाकून, बाबा या काठाला पाळीवर, मध्ये सगळं पाणी, आणि तरी दोघांच्या गप्पा चाललेल्या. बदकांचा थवा पाण्यावर उतरायला लागला की बाबांचं बोट खाली गोल फिरायचं: आरिया. उडाला की हाफिज. खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबला की आडवा हात. मी लहानपणी एकदा सोबत गेले होते आणि हे बघून मला फार हसू आलं होतं. बाबा गंभीर चेहऱ्यानं पाणकावळ्यांना उतरवत होते आणि पाणकावळेही उतरत होते.

बिसाहू काका कोरोनात गेले. त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. बाबा त्यानंतर तलावाचं नाव काढेनात. रिटायर होऊन सुपेल्याच्या या घरात आल्यापासून तसंही त्यांचं कुणाशी बोलणं उरलं नव्हतं. दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी शेवटी, त्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर म्हटलं, म्हणजे त्यांच्यासमोर उभी राहून तोंड मोठं करून म्हटलं, की चला, मी नेते स्कूटरवर. मला काही पक्ष्यांचं वेड नव्हतं. बाप खुर्चीत बसून झिजताना बघवत नव्हतं, एवढंच.

पहिल्याच दिवशी त्यांनी घोटाळा केला. आम्ही झुडपाआड बसलो, समोर अडई बदकांचा मोठा थवा पाण्यावर डुलत होता, आणि बाबा माझ्या कानाशी येऊन, त्यांच्या मते कुजबुजत, म्हणाले, "पाह्य, अडई हाये." ते वाक्य त्या काठापर्यंत गेलं. थवा उठला, बगळे उठले, पाणी मोकळं झालं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी कपाळाला हात लावला, आणि त्यांना कळलं. त्यानंतर ते तलावावर तोंडातून शब्द काढेनात. त्यांनी मला हात शिकवले. मी शाळेत गणित शिकवते, पोरं माझ्यापुढे चळचळा कापतात, पण बाबांनी माझं बोट धरून ते तीनदा दुरुस्त केलं, कारण माझा आरिया म्हणे हाफिजसारखा दिसत होता आणि माल डोक्यावर पडला असता.

तेव्हापासून आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. माझं लग्न झालं नाही, त्यावरून घरात जे काही व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि नंतर बाप-लेकीत विषयच उरले नव्हते. शिवाय त्यांची ती भाषा, भंडाऱ्याची, मला नीट येते पण माझ्या तोंडात दिवसभर हिंदीच असते. तलावावर ना हिंदी लागायची ना मराठी. डावीकडे लव्हाळ्यातून जांभळी पाणकोंबडी निघाली की मी त्यांना हळूचा हात दाखवायची. ते मान वळवायचे, बघायचे, आणि मूठ बांधून अंगठा वर करायचे. मला त्या अंगठ्याचा एवढा आनंद का व्हायचा कोण जाणे.

डोळ्यांचं आम्हाला उशिरा कळलं, आणि ते उशिरा का कळलं हे आठवलं की अजून माझा जीव जळतो. मिलवाल्यांच्या घरात नजर कमी झाली तर कुणी घाबरत नाही. जन्मभर लालभडक लोखंडाकडे बघितलं, डोळ्यांत उष्णता गेली, नजर थोडी जाणारच, असं सगळेच धरून चालतात. गुडघे दुखतात तसे डोळे. बाबांना उंबरा दिसेना तेव्हा आईनं गुलाबपाणी घातलं. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला तेव्हा धण्याचं पाणी सुरू केलं, रात्री तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळलं. शेजारच्या काकांनाही असंच होतं, त्यांच्या भावालाही होतं. उष्णता उतरेल म्हणून आम्ही दोन हिवाळे वाट पाहिली.

मग त्या हिवाळ्याच्या तोंडावर, दसऱ्यानंतर, डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालत राहा, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टरांचे ओठ मास्कमागे होते, त्यामुळे त्यांना काही समजलं नव्हतं. बाहेर बाकावर बसल्यावर मी त्यांना सावकाश, एक-एक शब्द ओठांवर ठेवत सांगितलं. ते शांतपणे ऐकत, म्हणजे बघत राहिले.

"दुर्बिणीतून कसं दिसते, गोल?" ते मग म्हणाले. बाकावरचे सगळे पेशंट आमच्याकडे बघायला लागले. "तसंच दिसून राहिलं आता मले, बिना दुर्बिणीचं. मले वाटलं सगळ्याईले म्हातारपनी असंच दिसत असन."

आणि थोड्या वेळानं, "मंग यंदा हंस पाहून घेऊ. नाई तं राहून जाईन."

हंस म्हणजे पुस्तकात ज्याला पट्टकादंब म्हणतात तो. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या रेघा. हिमालयाच्या पलीकडून येतात. बाबांच्या गावच्या तलावावर ते दर हिवाळ्याला उतरत. बाबा कारखान्यात नोकरीला निघाले तो दिवसही हिवाळ्यातला. ट्रंक घेऊन गावाबाहेर एसटीची वाट बघत उभे होते, तेव्हा तलावावरून हंसांची एक ओळ गेली. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी येऊन नीट पाहू. पण पुढच्या वर्षी हिवाळ्यात सुटी घ्यायचं काही कारण नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. मिलमधला माणूस सुटी घेतो ती लग्नांसाठी, आणि लग्नं उन्हाळ्यात. नोकरीची सगळी वर्षं ते मे महिन्यात गावाला गेले, भेगा पडलेला तलाव बघितला आणि परत आले. या तलावावरही काही वर्षी हंस येतात असं बिसाहू काका सांगायचे, पण हंस आले की बाबांची फर्स्ट शिफ्ट असायची, आणि सुटी असली की ते नसायचे. असं करत करत ते राहूनच गेलं होतं.

म्हणून तो हिवाळा सगळा त्या एका गोष्टीसाठी होता. आईला हे पटत नव्हतं. एवढ्या धुक्यात हायवेवर मागे आंधळा-बहिरा माणूस बसवून नेतेस, म्हणून ती माझ्याशी दोन-दोन दिवस बोलायची नाही. पण रविवारी पहाटे तिचा स्टोव्ह माझ्या आधी पेटलेला असायचा, डब्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा असायचा, आणि बाबांच्या मफलरची गाठ ती इतकी घट्ट मारायची की ते तलावापर्यंत मान वळवू शकत नसत.

सकाळची ती वाट मला डोळे मिटून सांगता येईल. कारखान्याचा धूर आणि धुकं मिसळून खाली आलेलं. चरोद्याजवळ रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांना लागण्याचा लांबलचक खडखडाट, जो माझ्या मागे बसलेल्या माणसाला ऐकू येत नव्हता पण स्कूटर फाटकाशी उभी राहिली की त्याच्या गुडघ्यांना कळायचा. "शंटिंग चालू हाये," ते मागून ओरडायचे. कुम्हारी मागे पडली की हवा बदलायची. कापलेल्या धानाचा, गुरांचा, ओल्या गवताचा वास. बाबा मागे ताठ बसायचे. मला आरशात त्यांची फक्त हनुवटी आणि मफलर दिसायचं.

नोव्हेंबर गेला. तलवार बदकं आली, चांदवे आले, उघड्या चोचीचे करकोचे बांध्यांमधून गोगलगायी वेचत हिंडले. हंस नाही. मी बाबांच्या डाव्या हाताला बसायची आणि हात दाखवायची. एक दिवस लक्षात आलं की मी दाखवते आणि ते समोरच बघत राहतात. मला वाटलं म्हातारा रुसला. आदल्या दिवशी मी त्यांना थेंब चुकवल्याबद्दल बोलले होते. मी दोनदा, तीनदा हात केला आणि वैतागून त्यांच्या समोर जाऊन बसले. तेव्हा ते दचकले आणि हसले. मी इतका वेळ कुठे गेले होते असं त्यांनी विचारलं. त्यानंतर मी कायम त्यांच्या समोर, पाण्याकडे पाठ करून बसू लागले, आणि मान वळवून वळवून पक्षी बघू लागले.

डिसेंबरात एकदा पाळीखाली एक बाई तिवऱ्याची भाजी खुडत होती. पदराची ओटी भरलेली. आम्हाला बघून तिनं विचारलं, "चिरई देखे बर आए हव का?" पाखरं बघायलाच आलोय, मी म्हटलं, आणि हंसांचं विचारलं. तिनं असा काही चेहरा केला की जणू मी तिच्या दारात चोराची चौकशी करायला आलेय.

"हंसा?" ती म्हणाली. "ओ मन रात के आथें. जम्मो तिवरा ला चर देथें."

रात्री येतात आणि सगळा तिवरा चरून टाकतात. तिनं बोटानं दाखवलं. बांधीच्या एका पट्ट्यात शेंडे कापल्यासारखे खुडलेले होते. गेल्या वर्षी आले होते, या वर्षीही एखाद-दुसरी टोळी येऊन गेली असेल, तिला त्यांचं तोंड बघायची हौस नव्हती. मी बाबांना समोरून सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ त्या खुडलेल्या पट्ट्याशी उकिडवे बसून राहिले. तिथं चिखलात पंजाचे ठसे होते. ते दिसत नव्हते म्हणून त्यांनी बोटांनी चाचपले. मग ती बाई निघून गेल्यावर म्हणाले, "हायेत. म्हंजे येतेत." घरी येताना त्यांनी तिच्याकडून घेतलेली भाजी मांडीवर धरली होती आणि आईसमोर ती अशी ठेवली की जणू हंसांनीच पाठवली आहे. आईनं ती लसूण-मिरची घालून केली. मीही दोनदा घेतली. तेव्हा मला ती आवडायची.

जानेवारीत लांब लेन्सवाले लोक यायला लागले. रायपूरहून गाड्या करून यायचे, अंगावर झाडाच्या रंगाचे कपडे, पायात महागडे बूट. त्यांच्यातला एक पोरगा बाबांच्या जुन्या दुर्बिणीकडे आणि त्यांच्या चाचपत चालण्याकडे बघून मला म्हणाला, "अंकल को कुछ दिखता भी है?" मी म्हटलं, "आपसे ज़्यादा," आणि वर अजून दोन वाक्यं बोलले, जी शाळेतल्या बाईंनी बोलू नयेत. बाबांना काही ऐकू आलं नव्हतं. पण माझा चेहरा त्यांच्या त्या गोलात सापडला असावा, कारण त्यांनी एका हातावर दुसरा तळवा धरला. हळू.

तो गोल किती उरला आहे हे मला कळायचा एक मार्ग होता. ते माझा चेहरा शोधायचे. आधी एका नजरेत सापडायचा. मग ते हनुवटीपासून सुरू करून वर यायचे. मग त्यांना माझे ओठ दिसले की डोळे दिसत नसत आणि डोळे दिसले की ओठ नाहीत, आणि त्यांना दोन्ही पाहिजे असायचे. घरी आई आता त्यांच्या दंडावर थोपटून बोलायची: एक थाप जेवायला, दोन थापा थेंब घालायला. या दोघांच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचं बोलणं एवढ्यावर आलं होतं. मी रात्री उशीत तोंड खुपसून देवाला शिव्या दिल्या. मागणं एवढंच होतं की एक तर हंस लवकर पाठव, नाही तर अंधार जरा सावकाश पाठव. त्याला दोन्ही जमण्यासारखं होतं.

परवा आईशी भाजीवरून झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्कूटर काढली आणि गेले. पाटी नव्यानं रंगवली आहे. गेटपाशी तिकिटाची खोली झाली आहे, मचाणाला रेलिंग बसवलं आहे, सिमेंटचा एक मोठा हंस उभा केला आहे आणि पोरं त्याच्या मानेला लटकून फोटो काढतात. त्याच्या डोक्यावर रेघा नाहीत, मी बघितलं. पाळीवर आमच्या जागेपर्यंत मला जाववलं नाही. चहा प्यायले आणि परत आले. आईनं विचारलं, "भेटले का पाखरं?" मी म्हटलं, भेटले. "तं मंग तोंड कावून असं?" ती म्हणाली, आणि माझ्यापुढे ताट ठेवलं.

त्या हिवाळ्यातला शेवटचा रविवार मी अजून आईलाही नीट सांगितलेला नाही. फेब्रुवारी लागला होता. तिवरा निळ्या फुलांवर आला होता. खुडण्यासारखं काही उरलं नव्हतं. धुकं इतकं दाट की पाळीवर चढताना मी बाबांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि पुढे चालले. त्यांची पावलं माझ्या पावलांवर पडत होती. आम्ही नेहमीच्या जागी बसलो, ते पाण्याकडे तोंड करून, मी त्यांच्याकडे तोंड करून. त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली होती आणि ते समोर बघत होते.

आधी मला आवाज आला. वरून, धुक्यातून, नाकात बोलल्यासारखा आँग आँग असा, एकाचा, मग पुष्कळांचा. मी मान वळवली. धुक्याच्या खालून ते निघाले आणि मोठं वळण घेऊन, पाय पुढे टाकत, पाण्यावर उतरले. एक ओळ, तिच्यामागून दुसरी. आमच्यापासून एवढे जवळ की डोक्यावरच्या दोन्ही रेघा मला साध्या डोळ्यांनी दिसत होत्या. ते पंख मिटत होते, एकमेकांशी बोलत होते, पाण्यात तोंडं बुडवत होते. मी वळले आणि बाबांच्या डोळ्यांसमोर, अगदी नाकाच्या रेषेत, बोट खाली धरून गोल फिरवलं. आरिया. पुन्हा फिरवलं. आणखी जवळ नेऊन फिरवलं.

त्यांचे डोळे उघडे होते. माझ्या बोटाच्या पलीकडे कुठेतरी ते बघत होते, शांतपणे, वाट बघत असल्यासारखे. मी हात त्यांच्या पापण्यांपर्यंत नेला. पापण्या हलल्या नाहीत.

किती आठवड्यांपासून हे असं होतं, मला माहीत नाही. मागच्या रविवारी त्यांनी अंगठा वर केला होता. त्याच्या मागच्याही. घरातून निघताना, स्कूटरवर बसताना, त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्यांना पुन्हा आणलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मी बसल्या जागी हलले असेन, किंवा माझा श्वास त्यांच्या तोंडावर गेला असावा. त्यांना काहीतरी कळलं. ते पुढे झुकले आणि त्यांनी विचारलं, "आले का वं?"

मिलमधला आवाज होता तो. सगळा हिवाळा कोंडून ठेवलेला. पाण्यावरचं एकूण एक पाखरू उठलं. हंस धावत, पाणी तुडवत वर आले, ओरडत आमच्या डोक्यावरून गेले, एवढा कल्लोळ की मी कानांवर हात ठेवले. आणि बाबा तसेच पुढे झुकून, मान किंचित कलती करून, माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या डोक्यावरून सगळा थवा गेला आणि त्यांना काहीच कळलं नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. हवेत चाचपडत तो माझ्या गालाला लागला आणि तिथंच राहिला. खरखरीत, थंड हात. त्यांनी पुन्हा, तितक्याच मोठ्यानं विचारलं, "सांग ना, आले का?"

मी मान हलवली. त्यांच्या तळव्याखाली, वर-खाली, हो.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. ते माझ्या गालावरून हात न काढता सरळ बसले. "हलू नोको," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज इतका खाली होता की मलाही जेमतेम ऐकू आला. "बसू दे त्याईले."

तलाव रिकामा होता. पाण्यावर नुसत्या लाटा होत्या, त्याही हळूहळू थांबल्या. बाबा समोर बघत होते. मी हलले नाही.